पनवेलचे मधले तीन तास

महाराष्ट्रात पनवेलला न उतरलेला माणूस शोधून सापडणार नाही, आणि पनवेल पाहिलेला माणूसही सहसा सापडणार नाही. बारशासाठी देवरुखला निघालेले पुणेकर, सावंतवाडीहून मुलाकडे डोंबिवलीला चाललेले आजी-आजोबा, गोव्याला मजा करायला निघालेली आणि वाशीच्या पुलावरच भांडण झालेली मित्रमंडळी, सगळे पनवेलला उतरतात, घड्याळ बघतात, दोन-तीन तास काढतात आणि पुढच्या गाडीत चढतात. पुढे कधी त्यांना कोणी विचारलं, "पनवेल कसं आहे हो?" तर क्षणाचाही विलंब न लावता उत्तर येतं, "गर्दी फार आहे." ती गर्दी म्हणजे आपणच होतो, हे त्यांच्या गावीही नसतं. एक फलाट, एक पूल, एक चहाची टपरी आणि एक स्वच्छतागृह एवढंच पनवेल त्यांनी पाहिलेलं असतं, आणि त्यातल्या शेवटच्या स्थळाबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. यावर सर्वमान्य निदान असं की, वेळच मिळत नाही हो. मला ते मान्य नाही. अनोळखी गावात हाती आलेले मधले तास कमी मुळीच नसतात. आपण ते वापरतच नाही, त्यांच्यावर पहारा देत बसतो. तीन तास कोणी चोरून नेईल की काय अशा धास्तीने ते मांडीवर घेऊन बसायचं, आणि गाडी आली की एक मिनिटही न वापरता जसेच्या तसे परत करायचे, ही आपली रीत.

हे तपासून बघायला पनवेलसारखी जागा नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ इथून निघतो आणि थेट कन्याकुमारीला जाऊन थांबतो. मुंबई-पुण्याचा जुना रस्ता इथून जातो, २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीपासून सुरू होतो, हार्बरची लोकल इथे येऊन संपते आणि कोकणात जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात. थोडक्यात, पनवेलमधून निघून जाण्याची सोय इतकी चोख आहे की तिथे असण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही.

समजा, एक कुटुंब सकाळी अकराला पनवेलला उतरलं आणि पुढची गाडी दोनला आहे. "तीन तास आहेत, गावात चक्कर मारून येऊ," मुलगी म्हणते. "तीन कुठले?" वडील दचकतात. "गाडी दोनची, म्हणजे दीडला फलाटावर हवं. दीडला फलाटावर म्हणजे एकला स्टेशनात. आपला डबा पुढे येतो की मागे, ते बघायला नको? आणि जेवण बाराला उरकलेलं बरं, नंतर हॉटेलात गर्दी होते." "म्हणजे अकरा ते बारा मोकळे." "आत्ता अकरा वीस झालेत." राहिलेल्या चाळीस मिनिटांत कुठल्या हॉटेलात जायचं यावर चर्चा होते, एकाला उडप्याकडे जायचं असतं, एकाला मासे हवे असतात, आजोबांना काहीच नको असतं पण ते काहीच-नको कुठल्या हॉटेलात मिळेल याबद्दल त्यांचं ठाम मत असतं, आणि अखेर फलाटावरच्या वडापाववर एकमत होतं. शाळेत गणितात काठावर पास झालेला माणूसही प्रवासात वजाबाकी बिनचूक करतो. यावर कोणी म्हणेल, सावधपणा काय वाईट? गाड्या चुकतात की. चुकतात, कबूल. एक पंचावन्नला धापा टाकत जिना चढा असं कोणी सांगतही नाही. जुनं पनवेल स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अर्धा तास हाताशी ठेवला तरी रग्गड झाला. पण आपण राखून ठेवलेल्या वेळेसाठीही आणखी वेळ राखून ठेवतो. गंमत म्हणजे हाच माणूस एरवी रोज सकाळी धावत्या लोकलचा दांडा पकडून ऑफिस गाठत असतो. त्याचा वक्तशीरपणा फक्त सहकुटुंब असतानाच जागा होतो.

खरा घात करते ती उशिरा येणारी गाडी. रोह्याच्या पुढे कोकणातला बराचसा लोहमार्ग एकेरी आहे, समोरून येणारीला वाट द्यायला गाडी क्रॉसिंगला उभी राहते. पावसाळ्यात दरडींच्या धास्तीने वेग कमी ठेवतात, त्यासाठी वेगळं पावसाळी वेळापत्रकही असतं. एक गाडी रखडली की तिच्यामागच्या रखडतात. डोंगर पोखरून काढलेल्या रस्त्यावर हे चालायचंच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार असलीच तर उशीर ज्या पद्धतीने हातात पडतो तिच्याबद्दल आहे. उशीर कधी एकरकमी मिळत नाही, हप्त्याहप्त्याने मिळतो. आधी वीस मिनिटं, मग चाळीस, मग एक तास दहा. अडीच तास उशीर आहे असं पहिल्याच दमात कळलं असतं, तर माणूस पनवेल पालथं घालून, दाढी करून, एखाद्या नातेवाइकाला न भेटता परत आला असता. पण वीस मिनिटांच्या हप्त्यात उठून जाणार कुठे? "आता काय, येईलच," असं म्हणत तो त्याच बाकावर राहतो आणि अडीच तासांत साताठ वेळा निघायच्या तयारीत बसतो. रेल्वेला तरी आधी कुठे ठाऊक असतं, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तिसऱ्या हप्त्याला प्रवाशाच्या डोक्यात प्रकाश पडायला हरकत नसावी. प्रकाश पडतो तो मोबाईलच्या पडद्यावर. "दिवा सोडलं." "छे हो, तळोज्याला आली." "माझ्यात अजून ठाण्यालाच दाखवतंय." तिघेही एकाच गाडीबद्दल बोलत असतात आणि तिघांनाही आपापली गाडी खरी वाटते. या वादात जी एकाग्रता दिसते तिच्या निम्मी खर्चली असती तरी गावातल्या चार आळ्या पाठ झाल्या असत्या.

दुसरा आक्षेप सामानाचा, आणि तो शब्दशः वजनदार आहे. मराठी कुटुंबाच्या सामानात दोन मोठ्या बॅगा, एक पाण्याची पिशवी, एक डब्याची पिशवी आणि एक नुसती पिशवी असते. या नुसत्या पिशवीत काय आहे ते घरातल्या एकाच व्यक्तीला माहीत असतं आणि ती सांगत नाही. मे महिन्यात कोकणातून परतताना त्यात आंब्याची पेटी आणि एक फणस यांची भर पडते. फणस काखेत घेऊन गाव बघता येत नाही, इथपर्यंत मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण सामानाजवळ एकाने बसावं आणि बाकीच्यांनी फिरून यावं, मग पाळी बदलावी, एवढी साधी व्यवस्था जगात कुठेही जमते, आपल्याकडे जमत नाही, कारण मध्ये त्याग आडवा येतो. "तुम्ही जा, मी बसते." "छे, छे, तू जा, मी बसतो." "मला काय करायचंय गाव बघून, मुलांना घेऊन तुम्हीच जा." "माझे गुडघे." असा अर्धा तास एकमेकांना गावात ढकलण्यात जातो आणि अखेर सगळेच जण सामानाभोवती बसून, आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालून, फणसाची राखण करतात. फणस जाग्यावरून हललेला नसतो. तो एकटा सोडला असता तरी कोणी नेला नसता, हे उचलून पाहिलेल्या प्रत्येकाला पटेल.

पूर्वीच्या लोकांकडे मोबाईल नव्हता, पण वाट बघणं होतंच, आणि तेही पनवेललाच. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. रेल्वे यायच्या आधीच्या काळात मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलच्या खाडीत शिरायचा आणि बंदरावर उतरून पुढे गाडीने घाटाकडे निघायचा. होडी खाडीत आत यायची तर भरती हवी. ओहोटी लागली की चिखल बघत बसायचं. भरतीचं वेळापत्रक चंद्राच्या हाती असल्याने तक्रारवही नव्हती आणि "साहेब कुठे आहेत?" असं विचारायचीही सोय नव्हती. या थांबणाऱ्या माणसांवर, त्यांच्या मालावर आणि बैलांवर गाव पोसलं गेलं. बैलगाडीची चाकं बनवण्याबद्दल पनवेलचं नाव होतं. दुसऱ्यांच्या जाण्याची सोय करून आपण जागेवर राहायचं हा इथला जुनाच धंदा दिसतो. गावाला नगरपालिका मिळाली ती १८५२ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली प्रवासी गाडी धावायच्या आदल्या वर्षी. पुढे रेल्वेने १८६३ मध्ये कर्जतवरून घाट ओलांडला आणि पनवेलला बाजूला ठेवलं ते ठेवलंच. इथे रूळ यायला विसाव्या शतकातलं साठचं दशक उजाडावं लागलं. ज्या गावाने रेल्वेची शंभर वर्षं वाट पाहिली, तिथे दोन तास थांबावं लागलं म्हणून आपण कुरकुरतो.

हे सगळं ठीक आहे, पण पनवेलमध्ये बघण्यासारखं आहे काय? हा प्रश्न सगळ्यात जोरात पनवेलकरच विचारतात. स्टेशनाबाहेर एखाद्या स्थानिक गृहस्थाला गाठून बघा. ते आधी आकाशाकडे बघतात, मग चपलेकडे, मग म्हणतात, "इथे काय नाय हो. तुम्ही असं करा, कर्नाळ्याला जा." थोडं आणखी छेडलं तर माथेरान सांगतात, मग अलिबाग, आणि आपण निघतच नाही असं दिसल्यावर लोणावळा. पाहुण्याला तालुक्याबाहेर काढल्याशिवाय त्यांना पाहुणचार पुरा झाल्यासारखं वाटत नाही. रिक्षावाले व्यवहारी. ते विचारायच्या आधीच एका नटाच्या फार्महाऊसची माहिती देतात. तिथे गेल्यावर फाटक दिसतं. अशी फाटकं मुंबईतही पुष्कळ आहेत आणि तिथे लोकल जाते. कर्नाळ्याचं म्हणाल तर ते गावापासून बारा-एक किलोमीटरवर. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका गाडीच्या खिडकीतूनही ओळखू येतो, अभयारण्य देखणं आहे. पण गड चढायला तास-दीड तास लागतो आणि पक्ष्यांची वेळ पहाटेची. अकरा वाजता स्टेशनावरून निघालेल्या माणसाला तिथे पक्षी भेटत नाहीत, शाळेच्या सहली भेटतात. तीन तासांत कर्नाळा "करून" आलेले लोक असतात. त्यांनी प्रवेशद्वारावरची पाटी पाहिलेली असते आणि तिच्यासमोरचा फोटोही असतो. त्याच रस्त्यावर अलीकडे शिरढोण आहे, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. स्वतःची गाडी असेल तर ते मात्र जमतं, आणि १८४५ साली जिथे ते जन्मले ती जागा पाच मिनिटं उभं राहून बघण्याजोगी आहे. ज्याच्याकडे गाडी नाही आणि फणस आहे, त्याने हा मोह टाळावा.

माझी शिफारस याहून फारच किरकोळ आहे. पायी जाऊन पायी परत येता येईल अशी एकच गोष्ट धरावी आणि बाकीचं पनवेल कायमचं हुकलं तरी चालेल असं मनाशी ठरवून टाकावं. यातही पहिली ठेच स्टेशनातच लागते. स्टेशन जुन्या आणि नव्या पनवेलच्या मधोमध. चुकीच्या बाजूला बाहेर पडलं की सेक्टर लागतात, बँका लागतात, मोबाईलची दुकानं लागतात, आणि "वाशीसारखंच आहे की" असा अभिप्राय देऊन मंडळी माघारी फिरतात. उलट बाजूने रस्ता ओलांडून आत गेलं तर टपाल नाका, उरण नाका, लाइन आळी, मिरची गल्ली असं जुनं गाव सुरू होतं. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी यमक जुळवून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या वडाळे तलावाच्या काठी बल्लाळेश्वराच्या देवळाजवळ बसलं, तर तासभर कोणी उठवत नाही. १८७२ पासून आयुर्वेदिक औषधं बनवणारं धूतपापेश्वर याच गावचं. तेव्हा प्रवासात पोट बिघडायचंच असेल तर त्यासाठी पनवेल ही त्यातल्या त्यात बरी जागा.

आणि बाजार आहे. जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरून बाई बसलेली असते आणि पुढ्यात सुक्या मासळीचे वाटे लावलेले असतात. जवळ्याचे वाटे, करदीचे वाटे, बाजूला सुके बोंबील. प्रत्येक वाटा डोळ्याला सारखाच दिसतो, पण गिऱ्हाईक पुढे आलं की ती एकाच विशिष्ट वाट्याकडे हात नेते आणि गिऱ्हाईक बरोबर त्याच्या शेजारच्याकडे बोट करतं. "ह्यो केवढ्याला?" "घेनार हायस का नुसतं बगतंस, दादूस?" या प्रश्नापुढे भलेभले विकत घेतात. पावसाच्या तोंडाशी आलात तर वाड्यांवरच्या बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतील, सोबत काकडांचा ढीग. काकडं न घेता नुसतीच शेवळं घेणाऱ्याकडे त्या मोठ्या करुणेने बघतात, कारण रात्री जेवताना त्याचा घसा किती खाजणार आहे याचा त्यांना नक्की अंदाज असतो. आता, बाजार काय, आमच्याकडेही आहे, असं म्हणणारे निघतीलच. जरूर आहे. पण आपल्या गावच्या बाजारात आपण यादी घेऊन जातो, आणि हातात यादी असली की कोथिंबिरीपलीकडचं काही दिसत नाही. इथे यादी नसते. फार तर घरून एक फोन येतो, "येताना भलतंसलतं काही आणू नका," असा. तो न पाळता सुकट घेतली आणि वातानुकूलित डब्यात चढलो, तर त्या गावाची आठवण आपल्यालाच काय, अख्ख्या डब्याला मडगावपर्यंत राहते.

संध्याकाळची फुरसत असेल तर आणखी एक उपाय आहे, आणि तो कोणत्याही प्रवासवर्णनात दिलेला नसतो. गावात फडक्यांच्याच नावाचं नाट्यगृह आहे. दोन अंकी नाटकाला मध्यंतर धरून अडीच तास लागतात, म्हणजे तीन तासांच्या मोकळीकीला हे माप शिंप्याने घेतल्यासारखं बसतं. खुर्ची असते, पंखा असतो, स्वच्छतागृह असतं, आणि वाट बघण्याचं काम रंगमंचावरची पात्रं आपल्या वतीने करतात. आक्षेप एकच, की दुसऱ्या अंकात नायिका सत्य सांगायला तोंड उघडते तेव्हा शेजारी बसलेला प्रवासी मोबाईलवर गाडी कुठे आली ते बघत असतो. तो मोबाईल खिशात ठेवायला सांगितलं की तो दुखावलेल्या आवाजात कुजबुजतो, "तळोजा सोडलं हो." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पहाऱ्याची सवय लागलेल्या माणसाला नाट्यगृहात बसवलं, तरी त्याचं मन फलाटावरच असणार.

उरला तो सगळ्यात गोड आक्षेप: "पुन्हा कधीतरी निवांत येऊ." हा निवांतपणा पनवेलच्या वाट्याला कधीच येत नाही. निवांत वेळ मिळाला की आपण महाबळेश्वरला जातो, तिथे घाईघाईत सगळे पॉइंट उरकतो आणि परतताना पनवेलला तीन तास निवांत अडकून पडतो. पुन्हा येणं मात्र अटळ आहे. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. ८ ऑक्टोबर २०२५ ला शेजारी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर तिथून विमानं उडायलाही लागली. परदेशी निघालेल्या माणसाला तीन तास आधी येऊन बसा असं विमान कंपन्या अधिकृतपणेच सांगतात, म्हणजे आमचे पहारेकरी आता कायदेशीर झाले. त्यांच्यात पाच तास आधी येणारेही असणार, कारण रस्त्यात ट्रॅफिक लागेल म्हणून दोन तास राखून ठेवलेले असतील आणि नेमकं त्या दिवशी ट्रॅफिक लागणार नाही.

तेव्हा प्रवाशांना काही सांगण्यात अर्थ नाही, विनंती पनवेलकरांनाच आहे. खांद्यावर पिशवी अडकवलेला कोणी घाबराघुबरा माणूस "इथे बघण्यासारखं काय आहे?" असं विचारायला आला, तर "काय नाय हो" म्हणून त्याला कर्नाळ्याला धाडू नका. वडाळे तलावाचा रस्ता दाखवा, बाजारात मासळी किती वाजेपर्यंत असते ते सांगा, आणि तो घड्याळाकडे बघायला लागला तर त्याच्या हातात चहाचा कप द्या. घड्याळ डाव्या हातात असतं. कपही त्याच हातात द्यावा.